‘उद्या बघू’

आपल्या तोंडी दिवसातून किती वेळा ‘उद्या’ हा शब्द येतो? एखाद दिवशी मोजून पाहा.

गोठ्याचा पत्रा गळतो आहे. उद्या बघू. बैलाचे दावे तुटायला आले आहे. उद्या बदलू. पंचायतीतून दाखला आणायचा आहे. सोमवारी जाऊ. सोमवार येतो आणि जातो. दाखला पंचायतीतच राहतो.

‘उद्या’ हा शब्द काही वाईट नाही. शेतकऱ्याचे सारे जिणे उद्यावरच चालते. आज आपण बी पेरतो, ते उद्यासाठीच. पण एखादे काम आज होण्यासारखे आहे, ते करायला हवे हे आपल्याला कळतेही आहे, आणि तरी आपण ते पुढे ढकलतो, तेव्हा त्याला चालढकल म्हणतात. कळते पण वळत नाही, असे हे दुखणे आहे. ते लहानथोर सर्वांना असते. मलाही होते. ते मी पुढे सांगणारच आहे.

एका घराची गोष्ट

आमच्या गावात दोन भाऊ आहेत. त्यांची नावे सांगत नाही. घरची पाच एकर जमीन. निम्मी जिरायत, निम्मी विहिरीवर भिजणारी. दोघे भाऊ कष्टाळू. धाकटा तर पहाटे चारला उठून धारा काढतो. त्यांच्या वडिलांना सारा गाव आबा म्हणे. एका पावसाळ्यात आबा वारले.

तेराव्याला पाहुणे जमले. जाता जाता मामा म्हणाले, “पोरांनो, सातबाऱ्याला वारसांची नावं लावून घ्या.”

“लावू की. पेरणी तेवढी उरकू द्या,” थोरला म्हणाला.

पेरणी उरकली. मग कोळपणी आली. कोळपणी झाली, काढणी आली. मग दिवाळी, मग लग्नसराई. वर्ष गेले. आई दर दिवाळीला आठवण करी, “अरे, तेवढं नावाचं बघा.” मुले म्हणत, “बघतो, आई.” असे करता करता चौथ्या वर्षी आईही गेली. ज्या जमिनीत तिने चाळीस वर्षे खुरपे चालवले, त्या जमिनीच्या कागदावर तिचे नाव एक दिवसही लागले नाही.

त्याच हिवाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. गहू हातभर वाढलेला. भावांनी नव्या मोटारीसाठी कर्ज मागितले. कागद पाहणाऱ्याने सातबारा वाचला आणि विचारले, “ही जमीन कोणाच्या नावावर आहे?”

“आमच्या आबांच्या.”

“त्यांना घेऊन या.”

“ते वारले. चार वर्षं झाली.”

“मग कर्ज कोणाला देऊ?”

दोघे घरी परत आले. उसनवारी करून मोटार आणली, पण तोवर गव्हाच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. पीक निम्म्यावर आले.

त्या रात्री धाकटा माझ्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, खरं सांगा. आम्ही आळशी आहोत का हो?”

हा आळस आहे काय?

मी म्हणालो, “नाही बाबा. आळशी माणूस काहीच करीत नाही. तू दिवसभर राबतोस. फक्त एक काम सोडून बाकीची सारी कामं करतोस.”

वाचकहो, चालढकल ओळखण्याची ही खूण लक्षात ठेवा. टाळायचे काम समोर आले की माणसाला दुसरी दहा कामे आठवतात. तालुक्याला जायच्या दिवशीच नेमका बांध नीट करावासा वाटतो. हिशेब लिहायला बसले की कंदील पुसावासा वाटतो, खाटेची नवार ओढावीशी वाटते. हात रिकामे नसतात. म्हणून आपण काम टाळतो आहोत, हे आपले आपल्यालाही कळत नाही.

मी त्याला विचारले, “चार वर्षं तू हे काम का टाळलंस? मला नको सांगूस. तुझ्या मनाला विचार.”

तो विचार करून बोलू लागला.

“पहिलं म्हणजे, कुठून सुरू करायचं तेच कळत नव्हतं. कोणी म्हणे वकील लागतो, कोणी म्हणे पैसे चारावे लागतात.”

“आणखी?”

“बहिणीला विचारावं लागलं असतं. ती हिस्सा मागेल, घरात वाद होईल, असं वाटायचं.”

“आणखी?”

यावर तो खाली पाहू लागला. मग हळूच म्हणाला, “आबांचं नाव काढून तिथं माझं नाव लावायचं. हात धजेना, गुरुजी.”

पाहा, काम एकच. पण त्याच्या आत तीन काटे होते. एक अज्ञानाचा, एक भीतीचा आणि एक दुःखाचा. काटेरी फांदीला हात लावताना माणूस कचरतोच. तिथे त्याला आळशी म्हणून शिव्या देऊन उपयोग नाही. काटा कुठे आहे ते पाहावे आणि जिथे काटा नाही तिथे फांदी धरावी.

माझी चूक

आता माझे सांगतो.

मी शाळेत मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात एक हुशार मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की ते कोयता घेऊन कारखान्याकडे निघत. मुलाला मागे ठेवायचे तर राहायला जागा हवी होती. तालुक्याच्या एका वसतिगृहात जागा मिळण्यासारखी होती. अर्जाला माझे शिफारसपत्र लागत होते.

बाप अर्ज घेऊन आला. मी म्हणालो, “ठेवून जा. चांगलं सविस्तर पत्र लिहितो.”

मला खरेच चांगले पत्र लिहायचे होते. मुलाची हुशारी, घरची गरिबी, सारे नीट मांडायचे होते. त्यासाठी निवांत वेळ हवा होता. पण शाळा उघडण्याचे दिवस. नवे दाखले, पुस्तके, हजेरीपट. मी रोज म्हणे, आज नको, उद्या शांतपणे लिहू. अर्ज टेबलाच्या खणात राहिला. एके दिवशी खण उघडला, तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते.

मी धावपळ केली. पण जागा भरून गेल्या होत्या.

दसरा झाला. मुलगा आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेला. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही.

‘हा मुलगा हुशार आहे, ह्याला जागा द्यावी,’ एवढ्या दोन ओळी पुरल्या असत्या. मला फार चांगले पत्र लिहायचे होते, म्हणून मी पत्रच लिहिले नाही. तो मुलगा आज ट्रॅक्टर चालवतो. बाजारात भेटला की, “नमस्कार, गुरुजी,” म्हणतो. त्या अर्जाबद्दल तो कधी बोलत नाही. तो बोलत नाही, म्हणूनच मला जास्त लागते.

तेव्हा चौथा काटाही ध्यानात ठेवा. काम फार उत्तम करण्याच्या हौसेपोटीही माणूस ते टाळतो.

तीन मासे

हे दुखणे नवे नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी धर्मराजाला तीन माशांची गोष्ट सांगितली आहे.

एका उथळ तळ्यात तीन मासे होते. एके दिवशी कोळी आले आणि चर खणून तळ्याचे पाणी बाहेर काढू लागले. पाणी उतरताना पाहून पहिला मासा म्हणाला, “वाट मोकळी आहे तोवर निघूया.” दुसरा म्हणाला, “वेळ आली की मला युक्ती सुचेल.” तिसरा म्हणाला, “एवढी घाई कशाला?”

पहिला मासा पाण्याच्या वाटेने दुसरीकडे निघून गेला. तळे आटले. कोळ्यांनी उरलेले मासे धरले आणि दोरीत ओवले. दुसऱ्या माशाने ती दोरी आपण होऊन तोंडात धरली. तोही ओवला गेला आहे, असे कोळ्यांना वाटले. मासे धुवायला खोल पाण्यात नेले, तेव्हा दोरी सोडून तो पळाला. तिसरा मासा मात्र मेला.

त्या तिसऱ्याला ‘दीर्घसूत्री’ म्हटले आहे. दीर्घ म्हणजे लांब, आणि सूत्र म्हणजे धागा. कामाचा धागा लांबवीत बसणारा तो दीर्घसूत्री. पाहा, हा मासा काही वाईट नव्हता. त्याने कोणाचे नुकसान केले नव्हते. पाणी उतरत होते, ते त्यालाही दिसत होते. फक्त तो हलला नाही.

मग करावे काय?

मी धाकट्याला पाच गोष्टी सांगितल्या. त्याच तुम्हाला सांगतो.

१. पहिली पायरी ठरवा. ‘वारस नोंद करायची’ हे म्हणजे सारा डोंगर झाला. डोंगर पाहून पाय गळतात. ‘पंचायतीतून मृत्यूचे दाखले आणायचे’ ही पायरी झाली. आज फक्त पायरी पाहा. डोंगराकडे पाहू नका.

२. वार, वेळ आणि जागा ठरवा. ‘सवडीनं जाऊ’ म्हणू नका. सवड कधी आपण होऊन येत नाही. नेहमीच्या एखाद्या कामाला नवे काम बांधा. धाकटा रोज डेअरीवर दूध घालतो. त्याने ठरवले, बुधवारी दूध घातल्यावर घराकडे वळायचे नाही, तसेच पंचायतीत जायचे.

३. कोणाला तरी सांगा. बायकोला सांगा, शेजाऱ्याला सांगा. “बुधवारी संध्याकाळी मला विचार,” असेही सांगा. मनातला बेत मोडला तर कोणाला कळत नाही. चारचौघांत बोललेला बेत मोडताना लाज वाटते.

४. कामाची वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. कागद पेटीत गेले की मनातूनही जातात. एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगा.

५. थोडे करा, पण करा. पाव तास बसा. अर्जाचे अक्षर वाकडे आले तरी चालेल. एकदा हात लागला की भीती ओसरते. थंड पाण्याचा पहिला तांब्याच अंगावर घेणे कठीण असते, तसेच हे.

आणि बेत चुकला तर? बुधवारी पाहुणे आले, जाणे झाले नाही, तर स्वतःला बोल लावत बसू नका. त्याच रात्री दुसरा वार ठरवा.

काम कसे झाले

बुधवारी धाकटा पंचायतीत गेला. दोन्ही मृत्यूंची नोंद वेळेवर झाली होती, म्हणून दाखले लगेच मिळाले. घरात जन्म झाला किंवा मृत्यू झाला, तर २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करावी, असा नियम आहे. त्यानंतर विलंब शुल्क द्यावे लागते. एक महिना उलटला की वरिष्ठांची परवानगी लागते. एक वर्ष उलटले, तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. जसा उशीर, तशी पायपीट.

शुक्रवारी त्याने सातबारा आणि ८-अ चा उतारा काढला.

रविवारी थोरल्याने बहिणीला फोन लावला. ह्या फोनला दोघे सगळ्यांत जास्त भीत होते. मुलीला वडिलांच्या वारशात हक्क आहेच. २००५ साली कायद्यात बदल झाला, आणि हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. तेव्हा वारसांच्या यादीत बहिणीचे नाव घालणे ही काही मेहेरबानी नव्हे.

बहीण म्हणाली, “दादा, माझं नाव लावा. मी भांडायला येणार नाही. पण आबांची लेक म्हणून तिथं माझं नाव दिसू दे. चार वर्षं मी वाट पाहत होते, तुम्ही विचाराल म्हणून.”

थोरल्याने फोन ठेवला आणि डोळे पुसले. चार वर्षे ज्याची भीती बाळगली, ते बोलणे चार मिनिटांचे होते.

पुढच्या आठवड्यात दोघे तलाठी कार्यालयात गेले. वारसांच्या यादीचे प्रतिज्ञापत्र, दाखले आणि उतारे जोडून अर्ज दिला. वकील लागला नाही. तलाठ्याने चौकशी करून नोंद घेतली. संबंधितांना नोटिसा गेल्या. हरकत घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते. कोणाची हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली, आणि सातबाऱ्यावर तिघा भावंडांची नावे आली.

कागद फिरायला दीड महिना लागला. पण घरच्या माणसांचा वेळ किती गेला? सारा मिळून चार सकाळींचा. त्या चार सकाळींसाठी चार वर्षे गेली. जमिनीवर वारसा आला, तर ३ महिन्यांच्या आत कळवावे, असे १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात लिहिले आहे. ते ह्यांना ठाऊक नव्हते. तुम्ही आता वाचले आहे.

आणि आबांचे नाव? मी धाकट्याला फेरफाराची नोंद वाचून दाखवायला सांगितली. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. मयत खातेदार म्हणून आबांचे नाव, आणि त्याखाली त्यांचे वारस म्हणून ह्या तिघांची नावे. तो म्हणाला, “गुरुजी, नाव पुसलं नाही. आमच्या नावांमागं ते उभं आहे.”

थांबणे आणि टाळणे

येथे कोणी विचारील, “गुरुजी, प्रत्येक काम लगेच करावं का?”

तसे नाही. मृगाची एक सर पडली की तिफण घेऊन धावणारा शेतकरी शहाणा नव्हे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत वापसा आल्यावर करावी, असे शेतीचे जाणकार सांगतात. तोवर थांबणे ही चालढकल नाही. ते शहाणपण आहे.

मग थांबणे कोणते आणि टाळणे कोणते? स्वतःला एक प्रश्न विचारा : ‘मी कशासाठी थांबलो आहे?’ नेमके उत्तर आले, तर ते थांबणे. ‘वापशासाठी थांबलो आहे,’ हे नेमके उत्तर आहे. ‘बघू, सवड होऊ दे,’ हे उत्तर आले, तर ते टाळणे.

शहाणा शेतकरी थांबतो, तेव्हाही हात बांधून बसत नाही. पावसाची वाट पाहता पाहता तो घरच्या बियाण्याची उगवण तपासतो. सोयाबीनचे १०० दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ओलसर राखावे. आठवडाभरात उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक आले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. थोडे कमी आले, तर बियाणे वाढवावे. फारच कमी आले, तर ते बी पेरू नये. मांडायला पाव तास लागतो. तो पाव तास टाळला आणि बी उगवलेच नाही, तर दुबार पेरणी येते. बी पुन्हा विकत, मजुरी पुन्हा, आणि हातचा पाऊस गेलेला.

जाता जाता

वाचकहो, तुम्ही साक्षर झालात. आता ‘मला वाचता येत नाही’ हे कारण उरले नाही. पण अक्षर ओळखणे वेगळे आणि अर्ज देणे वेगळे. मला तर सारी अक्षरे येत होती. तरी एक अर्ज माझ्या खणात राहिला.

तुमच्याही मनाच्या खणात एखादे काम असेल. हा धडा वाचताना ते तुम्हाला आठवलेही असेल. पुस्तक मिटण्यापूर्वी एक कागद घ्या. त्या कामाची फक्त पहिली पायरी लिहा. पुढे वार आणि वेळ लिहा. कागद खुंटीला लावा.

अक्षर वाकडे आले तरी चालेल.

विचार करा आणि सांगा

१. दोघा भावांनी वारस नोंदीचे काम चार वर्षे का टाळले? त्या कामात कोणते काटे होते?
२. गुरुजींनी शिफारसपत्र का लिहिले नाही? तुमचे असे कधी झाले आहे का?
३. थांबणे आणि टाळणे ह्यांत फरक काय? आपल्या शेतातले एक-एक उदाहरण द्या.
४. तुमच्या घरी जमीन कोणाच्या नावावर आहे? सातबारा काढून स्वतः वाचा.
५. घरच्या बियाण्याची उगवण तपासा. शंभरांपैकी किती दाणे उगवले, ते वहीत लिहा.